रिपोर्ट सेन्सिटिव्ह, तरी दगडी परत: मामांच्या गौरीचं प्रकरण

गौरी गाईच्या दुधातले जंतू कुठल्या औषधाला दबतात हे बघायला दिवाळीत टाकलेली प्लेट सकाळी इनक्युबेटरमधून काढली तेव्हा मी मनात पक्कं धरून बसलो होतो की आता औषधाच्या चकतीभोवती काही रिकामं दिसणार नाही, जंतू चकतीला टेकून वाढलेले असणार, आणि मी मामांना फोन करून सांगणार की तुमच्या गाईतल्या जंतूंत रेझिस्टन्स आलाय, म्हणजे ते औषधाला दाद देत नाहीत, औषध बदला. तसं झालं नाही. चकतीभोवती मोठं स्वच्छ रिंगण होतं, दसऱ्याच्या सॅम्पलला होतं जवळपास तेवढंच. म्हणजे जे औषध दोन वेळा देऊन आजार तिसऱ्यांदा परत आला होता, त्याच औषधापुढे हे जंतू अजूनही शरण येत होते. मग गाईच्या कासेत ते जगले कसे? हा सगळा लेख त्या एका प्रश्नाचा आहे.

आधी गाईचं सांगतो. मामांचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. गोठ्यात चार म्हशी आणि दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई, त्यातली गौरी दुसऱ्या वेताची, आणि घरातला दुधाचा बराचसा पैसा तिच्यावर. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालायचं, दहा दिवसांनी बिल, त्यातून पेंड आणि वैरण वजा जाऊन जे उरतं त्यावर घर चालतं. श्रावणात गौरी व्याली, महिनाभर सगळं ठीक होतं, आणि गणपतीच्या दिवसात मागचं उजवं सड सुजलं, कासेचा तेवढा भाग गरम आणि टणक, हात लावू देईना, दुधात गाठी. आपल्याकडे याला दगडी म्हणतात, पुस्तकात कासदाह. डॉक्टर आले, इंजेक्शन केलं, सडात सोडायच्या ट्यूबा दिल्या, तीन दिवस. पाचव्या दिवशी दूध स्वच्छ झालं, सूज उतरली. दसऱ्याला परत तेच, त्याच सडात. परत ट्यूबा, परत बरी. दिवाळीला तिसऱ्यांदा.

मी एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला असिस्टंट आहे, त्यामुळे घरात असल्या गोष्टींचा निवाडा माझ्याकडे येतो. मी फोनवरच मामांना बोललो की तुम्ही दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून ट्यूब बंद केली असणार, अर्धवट कोर्समुळे असंच होतं. मामा काही बोलले नाहीत. मी गावाला गेलो तेव्हा त्यांनी गोठ्यातल्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला, त्यात सगळ्या रिकाम्या ट्यूबा, आणि भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा, एका ट्यूबला एक रेघ. मोजून बघितलं. एकही चुकली नव्हती. "आता बोल," मामा म्हणाले, "माझं काय चुकलंय?" मला फार वाईट वाटलं, कारण ज्या माणसानं आठ-आठ दिवस त्या सडाचं दूध खड्ड्यात ओतलं त्यालाच मी दोषी धरलं होतं.

मग गावात जे बोललं जात होतं तिकडे वळलो. शेजारच्यांचं म्हणणं औषध डुप्लिकेट असणार. याचा निकाल मामीनं नकळत आधीच लावून ठेवला होता. दसऱ्याच्या कोर्समधलं दूध टाकून द्यायचं असताना एक दिवस चुकून ते घरच्या पातेल्यात आलं आणि मामीनं त्याला विरजण लावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तसंच पातळ, दही नाहीच. मामीला वाटलं विरजण खराब झालं. पण दही लावणारे जंतूसुद्धा जंतूच, आणि दुधात उतरलेल्या अँटिबायोटिकनं त्यांना वाढू दिलं नाही. म्हणजे औषध खरं होतं, आणि कासेत पोचलं होतं. (असलं दूध संस्थेला का घालायचं नाही तेही यातून कळतं, तिकडे तर हजारो लिटरचं दही आणि लस्सी असते.)

सॅम्पल मी दोन वेळा घेतलं, दसऱ्याला आणि दिवाळीला, दोन्ही वेळा नवीन औषध सुरू करायच्या आधी. सड धुवून कोरडं केलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, पहिल्या धारा सोडून दिल्या, मग निर्जंतुक ट्यूबमध्ये थोडं दूध, आणि बर्फात घालून कॉलेजला. ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या प्लेटवर, दुसऱ्या दिवशी सोनेरी झाक असलेल्या कॉलनी, भोवती रक्त विरघळून पडलेली फिकट कडा, ग्रॅम स्टेनमध्ये द्राक्षाच्या घडासारखे जांभळे गोळे, कोॲग्युलेज पॉझिटिव्ह. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. दगडीतला हा जुना आणि नावाजलेला जंतू, धार काढणाऱ्याच्या हातावरून एका जनावरातून दुसऱ्यात जाणारा. बाकीच्या पाचही जनावरांची सीएमटी केली, म्हणजे ताटलीत दूध आणि ते जांभळट द्रावण मिसळून जेलीसारखं घट्ट होतंय का बघायचं, कुणाचंच झालं नाही. प्रत्येक वेळी तीच गाय आणि तेच एक सड. बाहेरून नवा संसर्ग येत असता तर कधी तरी दुसरं सड किंवा दुसरी गाय दिसली असती असं मला वाटतं, शंभर टक्के पुरावा हा नव्हे, पण माझा कल तिकडेच गेला की जंतू आतच राहत होते आणि दर वेळी आतूनच परत येत होते.

इथे मला माझी स्वतःची एक समज तपासावी लागली. सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर रिंगण दिसलं की आपण म्हणतो "या औषधाला जंतू मरतात". प्लेट तसं सांगतच नाही. प्लेट सांगते की या औषधाच्या एवढ्या प्रमाणात जंतू वाढत नाहीत. रिंगणाच्या आत लाखो पेशी पसरलेल्या असतात, त्यातल्या सगळ्या मेल्या का काही नुसत्याच गप्प पडून आहेत, हे डोळ्याला कळायची सोय नाही, कारण गप्प पडलेली पेशी कॉलनी करत नाही. रिपोर्टातलं एस (सेन्सिटिव्ह) हे अक्षर सगळ्या जमावाबद्दल आहे. त्यातल्या अगदी थोड्या, वेगळ्या वागणाऱ्या पेशींबद्दल ते एक शब्द बोलत नाही.

कॉलेजातल्या मॅडमची परवानगी घेऊन दिवाळीनंतर मी एक साधा प्रयोग केला. गौरीचा जंतू ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात, रात्रभर वाढवला, त्यातला थोडा ताज्या ब्रॉथमध्ये घालून जोमात वाढू दिला, मग त्यात तेच औषध भरपूर घातलं, वाढ थांबायला लागतं त्याच्या कितीतरी पट, आणि थोड्या थोड्या तासांनी त्यातला थेंब काढून, औषध धुवून टाकून, पातळ करत करत प्लेटवर पसरला. सुरुवातीच्या प्लेटवर कॉलनी मोजता येणार नाहीत इतक्या. पहिल्या काही तासांत आकडा असा धाडकन खाली आला की वाटलं संध्याकाळपर्यंत शून्य. आणि मग तो खाली यायचा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी, चोवीस तास औषधात बुडवून ठेवल्यावर, अजूनही हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या कॉलनी उगवत होत्या. कागदावर रेघ काढली तर आधी कडा उतरल्यासारखी आणि पुढे माळासारखी सपाट.

आता खरी परीक्षा. हे वाचलेले जर औषधाला पुरून उरणारे नवे जंतू असतील, म्हणजे त्यांच्या डीएनएत बदल झाला असेल, तर त्यांची पिल्लावळ पण पुरून उरायला पाहिजे. मी त्या वाचलेल्यातली एक कॉलनी उचलली, पहिल्यासारखीच वाढवली, परत तेच औषध. परत तीच कडा, परत तोच माळ. बहुतेक सगळे मेले आणि थोडेसेच वाचले. चकतीची टेस्ट केली, रिंगण पहिल्याएवढंच. म्हणजे वाचलेल्यांची पोरंबाळं त्यांच्या खापरपणज्यांसारखीच साधी होती, वाचण्याचा गुण त्यांना वारशात मिळाला नव्हता, वाचणारी ती एक पेशी त्या घटकेला वेगळ्या अवस्थेत होती एवढंच.

माझ्या टेबलावर हे दिसलं त्याच्या किती आधी लोकांनी हे बघून ठेवलंय! १९४२ मध्ये ग्लॅडिस हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की पेनिसिलिन साधारण ९९ टक्के स्ट्रेप्टोकॉकस मारतं आणि एखादा टक्का राहतो, आणि ते वाढत्या जंतूंनाच मारतं. १९४४ मध्ये जोसेफ बिगर या आयरिश जंतुशास्त्रज्ञानं नेमका आपलाच स्टॅफिलोकॉकस घेऊन पेनिसिलिननं द्रव निर्जंतुक होतो का बघितलं, होत नव्हता, दहा लाखांत एखादी पेशी उरायची, आणि ती वाढवून परत पेनिसिलिनखाली टाकली तर मूळच्यासारखीच मरायची. त्यानं या उरणाऱ्यांना पर्सिस्टर असं नाव दिलं. पेनिसिलिन तेव्हा दवाखान्यात नुकतंच यायला लागलं होतं, म्हणजे अँटिबायोटिकच्या युगाच्या पहिल्या पानावरच ही गोष्ट लिहिलेली होती, पुढे रेझिस्टन्सच्या गोंगाटात ती बरीच वर्षं मागे पडली.

कारण समजायला अवघड नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूची भिंत बांधायच्या कामात खोडा घालतात. भिंत बांधत असलेली पेशी त्यात फुटते. जी पेशी त्या वेळी बांधकामच करत नाहीये तिला हे औषध फारसं काही करू शकत नाही, गवंडी कामावर आलाच नाही तर त्याच्या हातातली थापी हिसकावून घेणार कशी. झोपलेली पेशी औषधाला हरवत नाही, औषधाच्या समोर येतच नाही.

पण मग प्रश्न येतो की एकाच पेशीपासून वाढलेल्या, एकाच डीएनएच्या, एकाच ब्रॉथमधल्या पेशींत एक जागी आणि एक झोपलेली असं का? मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. भडंगाचं उदाहरण देतो. भरलेली परात पुढे असेल तर त्यात शेंगदाणा किती हे तुम्ही डोळे झाकून सांगाल, कुठूनही ओंजळ भरा, फार फरक पडत नाही. पण चिमूट घ्या. एका चिमटीत तीन दाणे, दुसरीत एक, तिसरीत एक पण नाही, आणि यात भडंग करणाऱ्याचा काही दोष नाही, चिमूट लहान आहे म्हणून असं होतं. जंतूची पेशी ही चिमूट आहे. लांबीला एखाद-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्यात काही प्रोटीन हजारोंनी असतात, पण ज्यांच्या हातात बटणं असतात, म्हणजे दुसऱ्या जीनना चालू-बंद करणारी, ती कित्येकदा अगदी मोजकी. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूत दुधातली साखर पचवणारी लॅक जीन दाबून धरणारं प्रोटीन, म्हणजे रेप्रेसर, पेशीमागे साधारण दहाच्या घरात असतं. पेशी दुभंगताना हे दहा दोन लेकींत वाटले जातात तेव्हा कुणी मोजून पाच-पाच देत नाही, एकीला सात जातात, एकीला तीन. शिवाय जीनवरून प्रत निघते तीच मुळी अधूनमधून, गचके खात, नळाला पाणी आल्यासारखी.

हे नुसतं तर्कानं म्हटलेलं नाही. २००२ मध्ये मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या एकाच पेशीत अगदी सारख्याच बटणावर चालणारी दोन जीन बसवली, एकाचा उजेड निळसर आणि दुसऱ्याचा पिवळा. पेशी-पेशीतला फरक जर फक्त खाण्यापिण्याचा किंवा वयाचा असता तर दोन्ही रंग बरोबरच वर-खाली झाले असते. झालं असं की एकाच पेशीत निळा जास्त आणि पिवळा कमी, शेजारच्या पेशीत उलटं. एकच घर, एकच स्वयंपाक, तरी दोन ताटांत वेगळं वाढलेलं. म्हणजे नशिबाचा भाग खरंच नशिबाचा आहे, आपल्याला न दिसणारं काही कारण मागे लपलंय असं नाही.

आणि झोप औषधामुळे लागते का आधीच लागलेली असते? २००४ मध्ये नॅथली बॅलबन यांच्या प्रयोगात ई. कोलाय केसासारख्या बारीक खाचांत वाढवून मायक्रोस्कोपखाली शूटिंग केलं, मग पेनिसिलिनच्या घराण्यातलं ॲम्पिसिलिन सोडलं, कोण वाचलं ते बघितलं, आणि फिल्म उलटी फिरवून त्या वाचलेल्यांचा मागचा इतिहास पाहिला. त्या पेशी औषध यायच्या आधीपासूनच रेंगाळत होत्या. धोक्याची चाहूल लागून त्या लपल्या नव्हत्या, त्यांना काही माहीतच नव्हतं. सगळ्या जमावात काही पेशी कायमच अशा मंद असतात आणि एखाद्या दिवशी तेच कामाला येतं. आपल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये २०१६ साली एक धागा सापडला की ज्या पेशीत एटीपी, म्हणजे पेशीच्या खिशातला रोकडा, कमी पडलेला असतो ती औषधात वाचते. उपाशी, दाटीवाटीच्या जमावात अशा पेशी जास्त असतात, आणि जुनाट दगडीतली कास म्हणजे नेमकी तशीच जागा.

मामांना हे सांगताना मी पर्सिस्टर वगैरे शब्द वापरले नाहीत. उसात भांगलण चालू होती, आम्ही बांधावर बसलो होतो, मी म्हटलं मामा, काही जंतू झोपलेले असतात, औषध येऊन जातं, मग ते उठतात. मामा लगेच म्हणाले, "व्हय की, तणासारखं. एका पावसाला समदं तण कुठं उगवतंय? निम्मं उगवतंय, ते भांगलून काढायचं, परत पाऊस झाला की उरल्यालं वर येतंय. समदं एकदम उगवलं असतं तर एका भांगलणीतच तण संपलं असतं आन् बियाणंच राहिलं नसतं जगात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. १९६६ मध्ये डॅन कोहेन यांनी वाळवंटातल्या वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात उगवून मरणाऱ्या, झाडांचं जे गणित मांडलं ते हेच आहे. पाऊस कधी दगा देईल सांगता येत नसेल तर सगळं बी एकाच वर्षी उगवणं महागात पडतं. थोडं बी जमिनीत पडून राहिलं तर चांगल्या वर्षी तेवढं उत्पन्न बुडतं, पण वाईट वर्षी वंश राहतो. जंतूंचंही तसंच. झोपलेली पेशी वाढत नाही, तिच्या जागेवर जागी पेशी वीस-तीस मिनिटांत दुप्पट होत राहते, त्यामुळे झोपणाऱ्यांचं प्रमाण फार वाढलं तर जमाव शर्यतीत मागे पडणार, आणि शून्य झालं तर एका माऱ्यात खलास होणार. विम्याचा हप्ता जेवढा परवडतो तेवढाच भरला जातो. मामा पण दोन एकर उसात सगळीकडे ८६०३२ ही एकच जात लावत नाहीत, थोडा २६५ जातीचा ठेवतात. फरक एवढाच की मामा विचार करून ठेवतात आणि जंतूत विचार करणारं कुणी नाही. ज्या जमावांत असा गोंधळ अजिबात नव्हता ते कधीच पुसले गेले असणार, उरले त्यांच्यात तो आहे.

बिगरनं यावर उपायही भांगलणीचाच सुचवला होता, औषध द्या, थांबा, झोपलेले उठून वाढायला लागले की परत द्या. जॉन टिंडॉलनं १८७७ मध्ये चिवट बीजाणू मारायला हीच युक्ती केली होती, एक दिवस उकळा, रात्रभर उगवू द्या, दुसऱ्या दिवशी परत उकळा, तिसऱ्या दिवशी परत. प्रयोगशाळेच्या बाटलीत हे चालतं. गाईत किंवा माणसात ते जसंच्या तसं करायला जाणं धोक्याचं, आणि त्याचं कारण मला गौरीच्या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं.

२०१४ मध्ये बॅलबन यांच्याच गटानं ई. कोलायला रोज ठराविक वेळ ॲम्पिसिलिन दिलं, एका जमावाला ३ तास, एकाला ५, एकाला ८, मग औषध काढून वाढू द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. दहाएक फेऱ्यांतच जंतूंमध्ये बदल झाला, पण औषध पचवायचा नव्हे. ताज्या खाण्यात आल्यावर उठायला ते जो वेळ घेतात तो वेळ लांबला, आणि लांबला तो पण त्या त्या औषधाच्या वेळेच्या बेतानं, ३ तासवाले साधारण तेवढेच झोपायला लागले, ८ तासवाले तेवढे. म्हणजे आधी जी झोप निव्वळ योगायोगानं थोड्यांना लागायची ती आता डीएनएत लिहिली गेली आणि वेळापत्रकाला जुळली. पुढे २०१७ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की असं झोपाळूपण आधी येतं आणि त्याच्या पाठीवर बसून खरा रेझिस्टन्स लवकर येतो, कारण वाचलेल्यांची संख्या जास्त म्हणजे बदल व्हायची संधीही जास्त. आता विचार करा, तोच तीन दिवसांचा कोर्स, तीन आठवड्यांची विश्रांती, परत तोच तीन दिवसांचा कोर्स. आपण नकळत तीच शाळा भरवत होतो. गौरीच्या जंतूचं रिंगण दिवाळीपर्यंत लहान झालं नव्हतं हे आमचं भाग्य, पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही ते तसंच राहिलं असतं याची खात्री मी देणार नाही.

सगळं खापर झोपलेल्या पेशींवर फोडणं पण बरोबर नाही, हे मला डॉक्टरांनी समजावलं. हा जंतू कासेतल्या पेशींच्या आत शिरून बसतो, तिथं बरीच औषधं नीट पोचत नाहीत. जुन्या जागी गाठी आणि वण धरतात, तिथंही औषध कमी जातं. तो चिकट थर करून राहतो. पण हे सगळं वाचताना मला जाणवलं की या प्रत्येक आडोशाला जंतूची वाढ मंदावते, म्हणजे गोष्ट फिरून तिथंच येते, मंद राहणारा वाचतो. आडोसा आणि योगायोग एकमेकांना हात देतात. दिवाळीच्या प्लेटवर मला दोन दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढ्या काही कॉलनी पण दिसल्या होत्या, बाकीच्यांपेक्षा कितीतरी उशिरा आलेल्या. स्टॅफिलोकॉकसचे असे मंद, बारीक कॉलनीचे प्रकार जुनाट संसर्गात सापडतात. एक दिवस ठेवून प्लेट टाकून दिली असती तर त्या दिसल्याच नसत्या, आता मी विद्यार्थ्यांना अशी प्लेट तीन दिवस ठेवायला लावतो.

माणसातही हेच आहे म्हणून एक सांगायचंच आहे. आमच्या गल्लीत एका घरात टीबीचं औषध चालू आहे, दोन महिन्यांत थुंकी निगेटिव्ह आली आणि घरचे विचारायला लागले की आता चार महिने कशाला गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं वाढणाऱ्या जंतूंचा मोठा जमाव पाडतात, पुढचे चार महिने जे चालतं ते बरंचसं या रेंगाळणाऱ्यांसाठी. तपासणीत न दिसणारे पण असणारे. काही जंतू औषधातून वाचतात हे ऐकून कुणी "मग घेऊन काय उपयोग" असं म्हणू नये, उलट ते वाचतात म्हणूनच कोर्स एवढा लांब ठेवलाय.

गौरीचं पुढे काय केलं. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट बघितले, मी प्रयोगाचा कागद पण दाखवला, त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले की परत तीन दिवसांचा कोर्स देऊन मी सोडणार नाही. दिवाळीचा कोर्स त्यांनी लांबवला, सोबत सूज उतरवणारं दिलं, ते सड दिवसातून जास्त वेळा पिळून रिकामं करायला सांगितलं. धारेचा क्रम बदलला, आधी म्हशी, मग दुसरी गाय, सगळ्यात शेवटी गौरी, आणि तिचं ते सड सगळ्यात शेवटचं. धार झाली की प्रत्येक सड आयोडिनच्या द्रावणात बुडवायचं आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची म्हणजे गाय अर्धा-पाऊण तास उभी राहते, सडाचं तोंड तेवढ्या वेळात मिटतं. मामांनी हे सगळं न कुरकुरता केलं. सौम्य स्वरूपात एकदा माघात सीएमटी परत घट्ट आली, डॉक्टरांनी तेव्हा मुद्दाम औषध दिलं नाही, नुसतं पिळून काढलं, आणि सांगितलं की खरी संधी आटवताना, म्हणजे पुढच्या वेताआधी दूध काढणं बंद करताना, आहे.

ती मृगाच्या तोंडावर आली. पुढच्या वेताला दोन महिने राहिले तेव्हा गौरीला आटवलं आणि चारही सडांत भाकड काळासाठीच्या ट्यूबा सोडल्या. या ट्यूबांमधलं औषध हळूहळू सुटतं आणि कासेत आठवडे राहतं, दूध काढायचं नसल्यामुळे धारेबरोबर वाहून पण जात नाही. मला यातली गंमत एवढीच वाटते की इथं औषध जास्त जोरकस नाहीये, ते नुसतं जास्त वेळ जागं आहे. आज झोपलेला जंतू चार दिवसांनी उठला, दहा दिवसांनी उठला, तरी औषध तिथंच. तीन दिवसांच्या कोर्सला झोप पुरून उरत होती, इथं झोपेला औषध पुरून उरतं. भाकड काळात या जंतूवर उपचार जास्त लागू पडतात हे डॉक्टरांना अनुभवानं माहीत होतंच, मला त्यामागचं एक कारण दिसलं.

श्रावण संपता संपता गौरी व्याली, कालवड झाली. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस दूध बाहेर दिलं नाही. त्यानंतर मी त्या सडाचं सॅम्पल दोन वेळा घेतलं, दोन आठवड्यांच्या अंतरानं, प्लेट तीन-तीन दिवस ठेवली. दोन्ही वेळा काही उगवलं नाही. ते सड बाकीच्या तिघांएवढं दूध देत नाही, आतला काही भाग वणानं गेलाय तो परत येणार नाही. मामीचं विरजण आता घट्ट लागतं. मामा अजून गौरीची धार शेवटीच काढतात, आणि दर महिन्याला एका रविवारी बर्फाच्या डब्यातून त्या एका सडाचं दूध घेऊन माझ्याकडे येतात, मी न सांगता.